फुकटाचें मोल

‘फुकट’ हा शब्द आपल्या समाजांत फारसा प्रतिष्ठित नाहीं. फुकट्या, फुकटखाऊ, फुकटचंबू असें त्याचें जेवढें म्हणून गणगोत आहे, तेवढें सगळेंच बदनाम आहे. ‘धर्माचे गाई, दांत कां गे नाहीं’ ही म्हण रचतांना आपल्या पूर्वजांनीं देणाऱ्यापेक्षां घेणाऱ्याचाच उपहास अधिक केला आहे. परंतु आयुष्यांत अशी एखादी वेळ येते कीं, मनुष्याजवळ स्वतःचें म्हणावें असें एक नाणेंही नसतें. आणि अशा वेळीं जी वस्तु फुकट मिळते, तीच त्याच्या स्वाभिमानाचा आधार होऊन बसते. हें विधान वरवर पाहतां विसंगत वाटेल. पण आम्ही तें अनुभवानें करीत आहों.

२००० सालच्या ऑक्टोबरांत आम्ही उभयतां चिरंजीवांकडे सहा महिन्यांसाठीं अमेरिकेस गेलों. न्यू जर्सी राज्यांतील एडिसन हें त्यांचें गांव. पूर्वीं याचें नांव रॅरिटन असें होतें. १९५४ सालीं तें बदलून थॉमस एडिसनचें नांव देण्यांत आलें, कारण त्याची मेन्लो पार्क येथील सुप्रसिद्ध प्रयोगशाळा याच गांवच्या हद्दींत होती. विजेच्या दिव्याची कथा सर्वांस ठाऊक असते. पण दूरध्वनींत बोलणाऱ्याचा आवाज दूरवर स्पष्ट उमटावा म्हणून काजळीच्या वडीचा उपयोग करणारें साधनही एडिसननें तेथेंच सिद्ध केलें, हें फारसें कोणी सांगत नाहीं. ज्या दूरध्वनीच्या तारेशीं पुढें आमचा इतका निकटचा संबंध आला, तिच्यावर त्या गांवच्या मातीचें असें जुनें ऋण आहे.

घरांत कशाचीही वाण नव्हती. तथापि पुण्यास आम्ही आमच्या निवृत्तिवेतनाचे, भाजीच्या पिशवीचे आणि वाण्याच्या खात्याचे मुखत्यार होतों. एडिसनला मात्र टपालाचें तिकीट हवें असलें तरी कोणाला तरी सांगावें लागे. दुकान दोन मैलांवर, मोटार हांकणें आम्हांस येत नाहीं, आणि खिशांतील डॉलर मुलानेंच दिलेले. चिरंजीव आणि सूनबाई दोघेंही कधीं ‘नाहीं’ म्हणालीं नाहींत. परंतु मागणाऱ्याचा संकोच देणाऱ्याच्या औदार्यानें कमी होत नसतो. उलट कित्येकदां वाढतो. ज्यांनीं परदेशीं मुलांकडे दिवस काढले असतील, त्या वाचकांस हें अधिक विशद करून सांगावयास नको.

आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांस आम्ही सर्व अक्का म्हणतों, त्या बडोद्यास असत. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळीं तेथें जाऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकीं त्यांचें सासर. वय बहात्तर, आणि हृदयाचा विकार जडलेला. आठवड्यास एक पत्र हा त्यांचा आणि आमचा जवळजवळ चाळीस वर्षांचा परिपाठ. अमेरिकेहून पत्र जावयास दहा-बारा दिवस लागूं लागले, आणि प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्यें महिना उलटूं लागला. दूरध्वनि होता; पण त्यास मिनिटागणिक पैसे पडत, आणि अक्कांचा स्वभाव असा कीं, पलीकडे मिनिटें पळत आहेत या जाणिवेनेंच त्यांस कांहीं सुचेनासें होई. ‘बरें आहे, ठेवतें,’ एवढेंच काय तें आमच्या पदरांत पडे. त्यांच्या नातवानें मात्र घरीं इंटरनेटची जोडणी घेतली होती. चिरंजीवांचा लॅपटॉप हा त्यांच्या कचेरीच्या मालकीचा. तो त्यांच्याबरोबर सकाळीं जाई आणि रात्रीं येई. दिवसभर दमून आलेल्या मुलास ‘आतां आमचें पत्र पाठव’ असें सांगणें आमच्या जिवावर येई.

नोव्हेंबरांत शेजारच्या एका वृद्ध अमेरिकन गृहस्थांनीं नवा संगणक घेतला, आणि जुना रस्त्याच्या कडेला टाकून देण्यापूर्वीं त्यांनीं सहज आम्हांस विचारलें. ही तर खरोखरच धर्माची गाय. आणि तिचे दांतही बेताचेच होते. यंत्र १९९५ सालचें. पेंटियम जातीचा, पंचाहत्तर मेगाहर्ट्‌झचा मेंदू. सोळा मेगाबाइट स्मृति. वर विंडोज ९५. सीडीचा कप्पा उघडत नव्हता. आंत जो मोडेम होता, त्याचा वेग सेकंदास १४,४०० बिट्‌स. त्या काळीं बाजारांत याच्या जवळजवळ चौपट वेगाचे मोडेम सर्रास मिळत होते. सूनबाईंनीं तळघरांत एक मेज रिकामें करून दिलें, आणि अकरा वर्षांचा आमचा नातू या कार्यांत आमचा उपाध्याय झाला.

त्या दिवसांत अमेरिकेंत दूरध्वनीवरून इंटरनेट विनामूल्य पुरविणाऱ्या अनेक संस्था निघाल्या होत्या. न्यूयॉर्कच्या जूनो या संस्थेनें १९९६ सालीं फुकट ई-मेल सुरू केली. कॅलिफोर्नियांतील नेटझीरो १९९८ च्या ऑक्टोबरांत सबंध इंटरनेटच फुकट देऊं लागली. आणि त्यांचें पाहून इतरही पुढें सरसावल्या. अशाच एका संस्थेचा प्रोग्रॅम चिरंजीवांनीं एका रविवारीं चार फ्लॉपींवर उतरवून दिला. पुढचें सारें आमचें आम्हींच करावयाचें, असा आमचा निश्चय होता.

पहिला अडथळा असा आला कीं, दूरध्वनीवरून जोडणी करण्याचा भाग त्या यंत्रांत मुळीं बसविलेलाच नव्हता. तो बसवूं गेलें कीं यंत्र विंडोजची मूळ तबकडी मागे. तबकडी शेजाऱ्यांकडे सांपडेना, आणि सांपडती तरी कप्पा उघडत नव्हता. शेवटीं नातवानें हुडकून काढलें कीं, यंत्र बांधणाऱ्यांनींच तो सगळा ऐवज ‘कॅब्‌स’ नांवाच्या एका कोठडींत, हार्ड डिस्कच्या कोपऱ्यांत, आधींच भरून ठेविला आहे. आपल्याकडे माजघराच्या फडताळांत जुन्या लोणच्याची बरणी निघावी, तसा आम्हांस आनंद झाला.

दुसरा अडथळा अधिक चमत्कारिक होता. मोडेमनें क्रमांक फिरविण्यास आरंभ केला कीं पडद्यावरील बाण जागच्या जागीं थिजे. दोन दिवस पुस्तकें चाळल्यावर उलगडा झाला. यंत्राच्या मेंदूचें लक्ष वेधून घेण्यासाठीं प्रत्येक उपकरणाला एकेक घंटा नेमून दिलेली असते. माउस पहिल्या दारावर होता आणि मोडेम तिसऱ्या. आणि या दोन्ही दारांना घंटा एकच, क्रमांक चारची. वाड्यांतील दोन बिऱ्हाडांस एकच नळ असला म्हणजे सकाळीं जें घडतें, तेंच येथें घडत होतें. मोडेमच्या पट्टीवर सुईच्या टोंकाएवढ्या तारांच्या जोड्या असतात, आणि त्यांवर बसणाऱ्या इवल्याशा टोप्या इकडच्या तिकडे केल्या कीं दार बदलतें. चष्मा सांवरीत आम्हीं त्या टोप्या हलविल्या, मोडेम दुसऱ्या दारीं बसविला, त्याला तीन क्रमांकाची स्वतंत्र घंटा मिळाली, आणि दोन्ही बिऱ्हाडें सुखानें नांदूं लागलीं.

क्रमांक निवडतांनाही सावधगिरी अवश्य होती. चिरंजीवांच्या घरीं स्थानिक संभाषणास महिन्याचें ठरीव भाडें असे. कितीही वेळ बोला, अधिक आकार नाहीं. पण पांच-दहा मैलांपलीकडचा क्रमांक लाविल्यास तोच दूरचा ठरून मिनिटाला पैसे पडावयाचे. म्हणून दूरध्वनीच्या जाडजूड पुस्तकांतून कोणते क्रमांक आमच्यापुरते स्थानिक, हें आम्हीं ताडून पाहिलें. शिवाय त्या घरीं ‘कॉल वेटिंग’ची सोय होती. मध्येंच दुसऱ्या कोणाचा फोन आला कीं तारेंत टक्‌ असा आवाज होई, आणि तेवढ्यानें आमची जोडणी तुटे. त्यावर उपाय म्हणजे क्रमांकाच्या आधीं तारांकनाचें बटन आणि सत्तर हे आंकडे फिरविणें. एवढा विधि केला म्हणजे तेवढ्या वेळेपुरती ती सोय निद्रिस्त होई.

अखेरीस डिसेंबरांतील एका सकाळीं तो आवाज ऐकूं आला. दूरध्वनीची तार ही मनुष्याच्या आवाजासाठीं घातलेली. तिच्यांतून संगणकाचे आंकडे जावयाचे तर त्यांस आवाजाचें सोंग घ्यावें लागतें. तें सोंग देणारा आणि पलीकडे उतरविणारा तो मोडेम. मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांचीं टोंकें जोडून त्याचें नांव बनलें आहे. आधीं एक शिटी, मग तिला उत्तर, मग घरघर, मग खरखर. दोन अपरिचित वैदिक भेटले म्हणजे आधीं एकमेकांस शाखा विचारतात आणि मगच स्वर लावतात. त्याप्रमाणें हीं दोन यंत्रें ‘तुला किती वेग झेपेल?’ असें परस्परांस विचारून घेत असतात. खरखर थांबली, आणि तळघरांतील तें टाकाऊ यंत्र जगाशीं जोडलें गेलें.

परंतु फुकटाला मोल नसतें असें नाहीं. तें कोणत्या नाण्यांत द्यावयाचें एवढाच प्रश्न असतो. इंग्लंडांत डिक्सन्स या दुकानदारांनीं १९९८ सालीं फ्रीसर्व्ह ही विनामूल्य सेवा काढली. तेथें स्थानिक फोनलाही मिनिटांचा आकार असे, आणि त्या आकारांतील एक वांटा सेवा देणाऱ्यास मिळे. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें इंटरनेट सर्वांस खुलें केलें, तेव्हांही वर्गणीखेरीज फोनचा मीटर फिरतच असे. अमेरिकेंत स्थानिक फोनचें भाडें ठरीव, म्हणून तेथील फुकट सेवा जाहिरातींवर जगत. आमच्या पडद्यावर एक पट्टी कायम असे. ती झांकतां येत नसे, बंद करतां येत नसे, आणि तिच्यांत घटकेघटकेला नवी जाहिरात येई. आरंभींच एक प्रश्नपत्रिका भरून द्यावी लागली: वय काय, आवड कशाची, उत्पन्न किती? वय चौसष्ट, आवड वाचनाची, उत्पन्न, त्या देशांत, शून्य. एवढें सत्यकथन करूनही पट्टी आम्हांस नव्या मोटारी, घरावरील कर्जें आणि बर्फावरून घसरण्याच्या सहली अत्यंत आदरपूर्वक दाखवीत राहिली.

आणि येथेंच आम्हांस आमच्या श्रीमंतीचा शोध लागला. पन्नास किलोबाइटांचें एक चित्र उमटावयास आमच्या मोडेमला अर्धें मिनिट लागे. चिरंजीव पाहून म्हणाले, ‘‘बाबा, यानें माझा जीव जाईल.’’ त्यांचें खरेंच होतें. त्यांच्या अर्ध्या मिनिटाला किंमत होती. आमच्याजवळ डॉलर नव्हता, पण अर्धीं मिनिटें मुबलक होतीं. सकाळीं दहाला घर रिकामें झालें कीं दुपारीं तीनला नातू परतेपर्यंतचा सारा वेळ आमचा. जी संस्था मोलादाखल वेळ आणि लक्ष मागते, तिच्या दारीं निवृत्त माणसाइतका सधन दुसरा कोण? चित्र उमटेपर्यंत आम्ही मटार सोलीत असूं. कोणापाशीं कांहीं न मागतां, स्वतःच्या नाण्यानें विकत घेतलेली त्या घरांतील ती आमची एकमेव वस्तु होती.

अक्कांचीं पत्रें येऊं लागलीं. त्या सांगत आणि त्यांचा नातू टंकित करी. देवनागरी अक्षर त्या यंत्रास येत नव्हतें. म्हणून मराठी रोमन लिपींत लिहावी लागे, आणि ‘के-ए-एल’ या तीन अक्षरांत काल, काळ, कल आणि कळ असे चौघे एकत्र कोंडले जात. एकदां ‘काल आली होती’ असें वाचून आम्ही दिवसभर विचार करीत राहिलों कीं, बडोद्यास काल आलें तरी कोण? दुसऱ्या दिवशीं समजलें कीं, आली होती ती कळ, छातींतली. पण दुसऱ्याच दिवशीं समजलें, हेंही थोडें नव्हे. टपालानें तें समजावयास महिना गेला असता.

२००१ च्या जानेवारींत २६ तारखेस सकाळीं पावणेनऊच्या सुमारास कच्छांत भूकंप झाला. आमच्याकडे तेव्हां २५ तारखेची रात्र होती. सकाळीं दूरदर्शन लाविलें तों भुज जमीनदोस्त झालेलें, अहमदाबादेंत उंच इमारती कोसळलेल्या, मृतांचा आंकडा तासातासाला वाढत चाललेला. बडोद्याचें नांव कोणी घेत नव्हतें. आणि नांव न घेणें हें अशा वेळीं अधिकच भयंकर असतें. चिरंजीव कामासाठीं टेक्सासला गेलेले, सूनबाई कचेरींत, नातू शाळेंत. फोन फिरवावा तर ‘सर्व मार्ग व्यग्र आहेत’ असा तोच तो यांत्रिक आवाज.

आतां खरी अडचण अशी कीं, घरांत तार एकच. संगणक जोडावा तर तेवढा वेळ फोन बंद. आणि नेमक्या त्याच वेळीं बडोद्याहून कोणी प्रयत्न केला तर? फोन मोकळा ठेवावा तर ई-मेल कोण पाहणार? अखेर आम्हीं नियम केला: दर अर्ध्या तासानें पांच मिनिटें जोडावयाचें, आणि उरलेला वेळ तार मोकळी ठेवावयाची. प्रत्येक वेळीं ती शिटी, ती घरघर, ती खरखर. पट्टीवर बर्फाच्या सहलीला निघालेलें एक हंसरें कुटुंब. आणि तिच्याखालीं रिकामी पेटी. त्या दिवशीं आम्हीं मटार सोलले नाहींत. आमचें मुबलक नाणें त्या एका दिवसापुरतें एकाएकीं दुर्मिळ झालें होतें.

दुपारीं एकच्या सुमारास पत्र आलें. तिकडे तेव्हां रात्रीचे साडेअकरा वाजले होते. परदेशाच्या वाटा तुंबल्या होत्या. पण इंटरनेटसाठीं लागणारा गांवांतल्या गांवांतला क्रमांक अक्कांच्या नातवास एकदांचा लागला, आणि चार ओळी जावयास अर्धें मिनिटही नको होतें. ‘सर्व सुखरूप. भिंतीस भेग गेली आहे. अक्का अंगणांत खुर्चीवर बसल्या आहेत, आंत यावयास तयार नाहींत.’ आणि शेवटीं: ‘के-ए-एल नाहीं.’ या खेपेस तीं तीन अक्षरें वाचावयास आम्हांस क्षणाचाही विलंब लागला नाहीं.

त्या विनामूल्य संस्थांचें पुढें काय झालें, तेंही सांगितलें पाहिजे. २००० च्या उत्तरार्धांत जाहिरातींचें उत्पन्न आटूं लागलें, आणि फोनच्या तारा व मोडेम यांचें भाडें तर चुकत नव्हतें. फ्री-आय या संस्थेचें दिवाळें ऑक्टोबरांतच वाजलें. वर्ष संपेपर्यंत स्पिनवे आणि फर्स्टअप यांनींही गाशा गुंडाळला. आमच्या संस्थेनें महिन्याला चाळीस तासांची मर्यादा घातली. आम्हांस ती पुरून उरे. २००१ च्या सप्टेंबरांत नेटझीरो आणि जूनो एकत्र झाल्या. आम्ही तोंवर पुण्यास परतलों होतों, आणि तें यंत्र नातवाच्या स्वाधीन करून आलों होतों. अक्का त्यानंतर सहा वर्षें होत्या. ३० सप्टेंबर २०२५ रोजीं ए.ओ.एल. या जुन्या कंपनीनें अमेरिकेंतील आपली दूरध्वनीवरची जोडणी बंद केली, हें वाचून ती शिटी पुन्हां एकदां कानांत वाजली.

आज आमच्या पुण्याच्या घरांत वेगवान जोडणी आहे, आणि फुकट म्हणून जें जें मिळतें त्याला गणती नाहीं: पत्रें फुकट, चित्रपट फुकट, नकाशे फुकट, गप्पा फुकट. वाचकहो, यांतील एकही वस्तु जुन्या अर्थानें फुकट नाहीं. तेंच नाणें चालतें, वेळेचें आणि लक्षाचें. भेद इतकाच कीं, तेव्हां किमतीची चिठ्ठी पडद्याच्या माथ्यावर उघड चिकटविलेली असे, आणि वर महिन्याला चाळीस तासांचा हिशेब असे. आतां पट्टीही दिसत नाहीं आणि घड्याळही दिसत नाहीं. आमच्यासारख्या वृद्धांनीं तें मोल खुशाल द्यावें. आमच्या थैलींत तेंच नाणें अधिक आहे, आणि त्याच्या बदल्यांत एखाद्या अक्कांचें कुशल कळत असेल तर सौदा स्वस्तच म्हणावयाचा. परंतु ज्यांस अजून शिकावयाचें आहे, संसार मांडावयाचा आहे, मुलांशीं बोलावयाचें आहे, त्यांची थैली वाटते तितकी भरलेली नसते. त्यांनीं फुकट वस्तु घेऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. घेतांना मोल किती पडलें तें रोज रात्रीं एकदां मोजून पाहावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.